गिरणी कामगारांच्या दूरस्थ मुलाखती : ध्वनिचित्रमुद्रणाच्या प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

१० जून २०२४

आजपासून प्रकल्पाच्या तांत्रिक बाजूच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात करीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांतले अनेक जण पुढे कोकणात किंवा घाटावर आपापल्या गावी परतले आणि त्या वेळी जो अगदी कोवळा बदली कामगार (रोज फाटकाशी उभे राहून काम मिळते का पाहणारा) असेल, तोही आज साठीला टेकला आहे. आमच्या लहानशा गटाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत राहणाऱ्या अशा चौदा जणांच्या चित्रित मुलाखती घेण्याचे ठरवले आहे. मुलाखती घेणाऱ्या दोघी मुंबईत नोकरी सांभाळून हे काम करतात, पावसाळा तोंडावर आला आहे आणि प्रत्येक गावी कॅमेरा घेऊन जाण्याइतके पैसे आमच्याकडे नाहीत. त्यामुळे मुलाखती दुरूनच घ्याव्या लागणार आहेत.

दुरून मुलाखत घेणे यात आता नवे काही उरलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत मौखिक इतिहासाचे काम करणाऱ्या जगभरातल्या लोकांवर ही वेळ आली आणि अमेरिकेतील ओरल हिस्टरी असोसिएशनने त्याच वर्षी दूरस्थ मुलाखतींसाठी मार्गदर्शक साहित्यही तयार केले. तिथला जोर प्रत्येक निर्णय विचारपूर्वक आणि आधी घेण्यावर आहे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहून ठेवला आहे : ही मुलाखत पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला जे ऐकू येईल, ते त्या माणसाने खरोखर उच्चारलेले असेल, याची खात्री आम्ही कशी देणार?

१४ जून २०२४

पहिली चाचणी. आमच्यातल्या एकीचे काका कणकवलीजवळच्या गावात राहतात. त्यांच्याशी व्हिडिओ कॉल लावला आणि कॉलच्या खिडकीतले मुद्रणाचे बटण दाबून वीस मिनिटांचे बोलणे जतन केले. कॉल चालू असताना सारे ठीक वाटत होते. संध्याकाळी ती फाइल हेडफोन लावून शांतपणे ऐकली, तेव्हा काका कुठे कुठे पाण्याखालून बोलत असल्यासारखे वाटले आणि चेहरा चार ठिकाणी चौकोनांत फुटला होता.

याचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य ठरले नसते. व्हिडिओ कॉलचे पहिले कर्तव्य संभाषण तुटू न देणे हे असते. जोडणी अशक्त झाली की कॉल चित्राचा आकार कमी करतो आणि आवाजाला मिळणारी जागाही आखडती घेतो. बहुतेक ठिकाणी आवाज ओपस या पद्धतीने पाठवला जातो. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत अतिशय उत्तम आहे आणि ती साधारणपणे आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून ते रवाना करते. एखादा तुकडा वाटेत हरवला, तर तो पुन्हा मागवत बसायला वेळ नसतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूचा संगणक मागच्या आवाजावरून अंदाज बांधून ती जागा भरून काढतो. बोलण्यासाठी ही सोय वरदान आहे. पण मुद्रणाचे बटण दाबल्यावर आपण जतन करतो ते त्या भरलेल्या जागांसकट. म्हणजे दस्तऐवज म्हणून ज्या आवाजावर आपण विसंबणार, त्यातले काही क्षण बोलणाऱ्याच्या तोंडचे नसतातच.

त्यामुळे निर्णय घेतला आहे : कॉल फक्त बोलण्यासाठी. मुद्रण बोलणाऱ्याच्या घरी, त्याच्या समोर ठेवलेल्या यंत्रात, नेटवर्कशी कसलाही संबंध न ठेवता होईल. संभाषणाचा दुवा आणि नोंदीचे साधन या दोन गोष्टी आम्ही कधीही एकत्र करणार नाही.

१९ जून २०२४

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अशा काही सेवा आहेत, ज्या दोन्ही टोकांना स्थानिक मुद्रण करतात आणि मागाहून फाइल आपल्याकडे चढवतात. वेगळी उपकरणे पाठवण्यापेक्षा हा मार्ग सोपा, म्हणून त्यांतली एक सेवा तपासून पाहिली. अडचणी दोन आल्या आणि दोन्ही गावातल्या रोजच्या वास्तवातून आल्या.

पहिली अडचण फोनची. काकांच्या नातवाच्या फोनवर मुद्रण चालू होते. अकराव्या मिनिटाला त्याला मित्राचा फोन आला, माइक त्या फोनकडे गेला आणि ब्राउझरमधले मुद्रण तिथेच थांबले. बोलणे मात्र पुढे चालू राहिले, त्यामुळे ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही.

दुसरी अडचण डेटाची. पूर्ण एचडी चित्र सेकंदाला ८ मेगाबिट या दराने मुद्रित केले, तर तासाला ३.६ गिगाबाइट होतात. गावातून वर चढवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला, असे धरले तरी तेवढी फाइल चढायला सलग चार तास लागतील. शिवाय घरातल्या फोनवर दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइटचा पॅक असतो. म्हणजे एका मुलाखतीसाठी त्या घराचा दोन दिवसांचा पॅक आम्ही खाऊन टाकणार आणि तरीही फाइल अर्ध्यात अडकणार. ज्यांच्याकडून आपण काही मागायला जातो, त्यांच्यावर असा भार टाकणे मला मान्य नाही. फाइल नेटवरून येणार नाही, कार्डावरून येईल, हे आज पक्के केले.

२६ जून २०२४

पेटी तयार झाली. स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे ठेवायला वापरतात तशी झाकणाची प्लास्टिकची पेटी आहे आणि आत फोमचे कप्पे कापून बसवले आहेत. त्यात एक वापरलेला पण धडका अँड्रॉइड फोन आहे, ज्यात सिमकार्ड नाही आणि जो कायम विमान मोडमध्ये राहील. हा फक्त चित्रणासाठी. शिवाय एक छोटा ध्वनिमुद्रक, कॉलरला लावायचा तारेचा माइक, दोन तिवया, एक पॉवर बँक, ध्वनिमुद्रकासाठी पेन्सिल सेलच्या चार जोड्या, ६४ गिगाबाइटची दोन कार्डे आणि मोठ्या अक्षरांत छापलेले एक सूचनापत्र. कॉल घरच्या माणसांच्या फोनवरच होईल.

आवाजासाठी वेगळा मुद्रक का, याचे कारण नोंदवून ठेवतो. फोन चित्राबरोबर आवाज दाबून साठवतो. अभिलेखासाठी मात्र न दाबलेली वेव्ह फाइल हवी, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची. एका वाहिनीची अशी फाइल तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट होते. ही काही मोठी किंमत नाही. चित्रात थोडी उणीव राहिली तर चालेल, पण मौखिक इतिहासात आवाज गेला की सगळेच गेले.

चित्रणासाठी फोनमधल्या मूळ कॅमेरा ॲपऐवजी ओपन कॅमेरा हे मुक्त स्रोत ॲप घातले आहे, कारण त्यात सेकंदाला किती चौकटी (फ्रेम) घ्यायच्या हे ठरवता येते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. फोनच्या नेहमीच्या ३० चौकटींशी हा हिशेब जुळत नाही आणि भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. २५ चौकटी ठेवल्या की प्रत्येक चौकटीच्या वाट्याला नेमकी चार स्पंदने येतात.

३ जुलै २०२४

पेटी देवगड तालुक्यातल्या पहिल्या घरी पोहोचली. घरातली बारावीत शिकणारी नात आमची तिथली तंत्रज्ञ झाली आहे. तिला व्हिडिओ कॉलवर एक तास शिकवले आणि तिने आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले. माइक खरोखर चालू आहे का, हे कसे ओळखायचे? या प्रश्नाचे उत्तर सूचनापत्रात नव्हते. मुद्रण सुरू करून माइकच्या जाळीवर नखाने हळूच खरवडायचे, मग तेवढे ऐकायचे. खरखर मोठ्याने ऐकू आली तर माइक जोडलेला आहे, दुरून आल्यासारखी वाटली तर यंत्र स्वतःच्या पोटातल्या माइकवर चालले आहे. पिन अर्धवट बसली असेल, तर मुद्रक मुकाट्याने तसेच करतो. सूचनापत्राची दुसरी आवृत्ती छापताना ही ओळ सर्वांत वर घेतली.

९ जुलै २०२४

पहिली पूर्ण मुलाखत झाली, एक तास दोन मिनिटांची. साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, अठ्ठावीस वर्षे काढलेले आजोबा बोलले.

मांडणीविषयी तीन गोष्टी शिकलो. कॉलचा फोन चित्रणाच्या फोनच्या भिंगाखाली अगदी चिकटून ठेवला, म्हणजे आजोबा मुलाखतकार ताईंच्या चेहऱ्याकडे बघत बोलतात आणि चित्रात ती नजर आपल्याकडे वळलेली दिसते. पहिल्या चाचणीत कॉलचा फोन मांडीवर होता, त्यामुळे वीस मिनिटे खाली झुकलेले कपाळच दिसत राहिले होते. खिडकी पाठीमागे न ठेवता बाजूला घेतली. आणि भिंतीवरचे घड्याळ काढून आतल्या खोलीत नेले, कारण कॉलरच्या माइकला त्याची टिकटिक पहिल्या वाक्यापासून ऐकू येत होती.

मुलाखतीच्या सुरुवातीला आणि अखेरीस नात दोन्ही यंत्रांसमोर एकदा जोरात टाळी वाजवते. चित्रपटाच्या पाटीचे काम ती टाळी करते. चित्रात हात जिथे एकमेकांना भिडतात आणि ध्वनीच्या आलेखात जिथे उंच रेघ उठते, ती दोन स्थळे एकावर एक बसवायची. शेवटची टाळी कशासाठी, असे तिने विचारले. पुढे कळेल, असे सांगून वेळ मारून नेली, कारण किती फरक पडेल हे मोजल्याशिवाय सांगणे बरे वाटले नाही.

१८ जुलै २०२४

या प्रकल्पात आतापर्यंत ज्या क्षणाने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले, तो आज घडला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मालवण तालुक्यातले एक काका मागावरच्या कामाबद्दल सांगत होते. एका वेळी चार साचे, म्हणजे चार माग, सांभाळताना कोणता साचा बिघडू लागला आहे, हे नजरेआधी कानाला कसे कळते, असा प्रश्न होता. ते थोडे थांबले, मग काही न बोलता त्यांनी समोरच्या लाकडी पाटावर बोटांच्या पेरांनी ताल धरला. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, डावीकडून उजवीकडे जाताना एक, परतताना दुसरा, आणि मध्ये फणी आपटते तो जड ठोका. तो ताल त्यांनी जवळजवळ चाळीस सेकंद वाजवला आणि शेवटी एक ठोका मुद्दाम चुकवला.

मुंबईत ताईंना यातले काहीच ऐकू आले नाही. कॉलमध्ये आवाज स्वच्छ करणारी जी व्यवस्था असते, तिला माणसाचे बोलणे तेवढे ठेवायचे आणि बाकी सारे काढून टाकायचे एवढेच ठाऊक असते. पंखा, भांडी, गाड्या यांच्याबरोबर तिने तो तालही गोंगाट समजून पुसला. ताईंना समोर फक्त खाली मान घातलेले, निःशब्द काका दिसले. नेट गेले असावे असे वाटून अकराव्या सेकंदाला त्यांनी विचारले, "काका, आवाज येतोय ना माझा?" काकांनी मान हलवली आणि वाजवणे चालूच ठेवले. तिसाव्या सेकंदाला त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा काका थांबले नाहीत, हे त्यांचे आमच्यावर उपकार आहेत.

घरातल्या मुद्रकावर तो ताल पूर्ण आहे, चुकवलेल्या ठोक्यासकट. रात्री नातेवाइकाने तेवढाच भाग पाठवला आणि ताईंना ऐकवला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

उपाय दोन केले. कॉलच्या सेटिंगमध्ये गोंगाट दाबणे आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणे या दोन्ही सोयी बंद केल्या. काही ॲपमध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज ठेवण्याचा जो पर्याय असतो, तोच आपल्या कामाचा आहे. प्रतिध्वनी काढणारी सोय बंद केली, तर मात्र बोलणाऱ्याच्या कानात इयरफोन असावा लागतो, आणि आमच्या वडीलधाऱ्यांपैकी दोघे श्रवणयंत्र लावतात. त्यांच्यासाठी ती सोय चालू ठेवून आवाज स्पीकरवरच ठेवावा लागेल. दुसरा उपाय यंत्राचा नाही. समोरचे माणूस गप्प झाले तर मनात दहापर्यंत मोजायचे, पडद्यावर हात, ओठ किंवा खांदे हलत असतील तर आणखी दहा मोजायचे आणि तोवर काहीही विचारायचे नाही. घरची मंडळी शेजारी बसलेलीच असतात. दुवा खरोखर तुटला तर त्यांनी कागदावर काढलेली लाल चकती पडद्यासमोर धरायची, असे ठरले.

२५ जुलै २०२४

तीन दिवस मुसळधार. आजची मुलाखत पडवीतून माजघरात हलवली, कारण पडवीवरच्या पत्र्यांवर पावसाचा मारा इतका होता की स्वतःचेच बोलणे ऐकू येईना. पाऊस नंतर गाळून काढू, या भरवशावर कोणी राहू नये. माइक हनुवटीच्या जवळ आणणे हा खरा उपाय आहे : तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वर येतो आणि पाऊस होता तिथेच राहतो. आजी नऊवारीत होत्या. पदराला माइक लावल्यावर प्रत्येक हालचालीला सळसळ होत होती, म्हणून तो पदराला न लावता गळ्यातल्या काळ्या पोतीच्या दोऱ्याला चिकटपट्टीने बसवला. हातांतल्या बांगड्यांची किणकिण राहिली. ती काढायला सांगण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही, आणि ती त्या मुलाखतीत असणेच मला योग्य वाटते.

वीज दोनदा गेली. विमान मोडमधला फोन आणि सेलवरचा मुद्रक यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

२ ऑगस्ट २०२४

नातीच्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले. पहिल्या घरची कार्डे मुंबईला येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर आली होती. दोन्ही फाइलींतल्या पहिल्या टाळ्या एकमेकींवर बसवल्या आणि अखेरची टाळी पाहिली, तर एक तास दोन मिनिटांनंतर आवाज चित्राच्या १४० मिलिसेकंद मागे पडला होता. प्रत्येक यंत्रात स्वतःचे स्फटिकाचे घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. इथला फरक दहा लाखांत सुमारे ३८ भागांचा निघाला. ऐकायला तो नगण्य वाटतो, पण २५ चौकटींच्या चित्रात ती साडेतीन चौकटींची तफावत आहे. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला ते जाणवू लागते, असे दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत मानले आहे. म्हणजे मुलाखतीच्या शेवटी, जिथे आजोबा आपल्या वारलेल्या सोबत्यांची नावे घेतात तिथे, ओठ आणि शब्द वेगळे झाले असते. दोन टाळ्यांमुळे फरक मोजता आला आणि ध्वनीची प्रत तेवढ्या प्रमाणात आकसून घेता आली. मूळ ध्वनिफाइलीला अर्थातच हात लावलेला नाही. फोनच्या चित्रात चौकटी नेहमी समान अंतरावर नसतात, म्हणून जुळवणीआधी एफएफएमपेग या मुक्त स्रोत साधनाने त्याचीही स्थिर गतीची प्रत काढून घेतली.

यापेक्षा अवघड प्रश्न ताईंच्या आवाजाचा आहे. त्यांचे प्रश्न त्यांच्या लॅपटॉपवर वेगळे आणि स्वच्छ मुद्रित होतात. ते मुलाखतीत बसवताना वेळ कोणाची धरायची? समजा, त्यांनी प्रश्न संपवला आणि तो गावी पाव सेकंदाने पोहोचला. आजोबा अर्धा सेकंद थांबून बोलू लागले आणि त्यांचा शब्द परत यायला आणखी पाव सेकंद लागला. ताईंच्या बाजूला एक सेकंदाची शांतता मोजली जाईल, आजोबांच्या बाजूला अर्ध्याच सेकंदाची. आजोबांनी प्रत्यक्षात विचारात घालवलेला वेळ अर्धा सेकंदच आहे. मौखिक इतिहासात अशा विरामांवर लोक अर्थ लावतात. तेव्हा नियम केला आहे : अभिलेखाची वेळ ही बोलणाऱ्याच्या घरची वेळ. ताईंचा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा नव्हे, तर तो गावच्या खोलीत ऐकू आला तेव्हा जुळवायचा. सुदैवाने चित्रणाच्या फोनवर कॉलचा आवाज पुसटसा येतो, त्याच्याशी तो बसवता येतो. ज्यांच्या कानात इयरफोन असतो त्यांच्याकडे मात्र हा आधार मिळणार नाही. तिथे पहिला प्रश्न इयरफोन काढून, स्पीकरवर विचारायचा.

१२ ऑगस्ट २०२४

संमतीपत्राविषयी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, परंतु तो नसता तरी हे काम एवढ्याच काळजीने करावे लागले असते. समोरासमोरच्या मुलाखतीत माणूस कॅमेरा पाहतो, खोलीत कोण आहे ते पाहतो. दुरून घेतलेल्या मुलाखतीत पलीकडच्या खोलीत कोण ऐकते आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून आता ताई सुरुवातीला आपला लॅपटॉप उचलून आपली सगळी खोली दाखवतात आणि पलीकडे कोण कोण बसले आहे तेही विचारून घेतात. मग संमतीपत्र वाचून दाखवले जाते आणि ते वाचन व त्यावरचे उत्तर दोन्ही मुद्रित होतात. मुलाखत घेतल्यानंतर तीस दिवसांत ती पूर्ण किंवा काही भाग मागे घेता येईल, असे कलम आम्ही आमच्या बाजूने घातले आहे.

मालवणच्या काकांनी ऐकून घेतले आणि विचारले, "माझ्या मागसून ह्यां कोण बघतला?" ताईंनी ज्या ग्रंथालयात प्रती ठेवण्याचा विचार आहे तिथली व्यवस्था समजावून सांगितली. मी मात्र त्या प्रश्नानंतर एक त्रुटी दुरुस्त केली. फाइलींची नावे माणसांच्या नावांवरून दिली होती. आता फक्त क्रमांक, दिनांक आणि भाग एवढेच असेल आणि क्रमांक कोणाचा हे सांगणारी यादी वेगळी, कुलपात राहील. तसेच घरच्या फोनवरून व्हॉट्सॲपवर आलेले तुकडे ऐकून झाल्यावर पुसायचे. ते दाबलेले असल्याने अभिलेखाच्या उपयोगाचे नाहीत, आणि कुठेतरी पुढे जाण्याची भीती तेवढी राहते.

२१ ऑगस्ट २०२४

यंत्राकडून बोलण्याचे आपोआप शब्दांकन करून घेण्याची चाचणी. प्रमाण मराठीतल्या प्रश्नांचे शब्दांकन बरेच चांगले झाले, मालवणी उत्तरांचे हाती घेण्यासारखे नाही. 'धोटा' प्रत्येक ठिकाणी 'धोका' झाला आहे. 'बदली' म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभे राहून काम मिळते का पाहणारा कामगार, हे यंत्राला माहीत असण्याचे कारण नाही. भीती अशी की शब्दांकन वाचायला नीट दिसते आणि चूक लपून राहते. त्यामुळे शब्दांकन हातानेच करायचे, यंत्राकडून फक्त वाक्यांच्या वेळा घ्यायच्या. केंटकी विद्यापीठाच्या नन मौखिक इतिहास केंद्राने २००८ पासून विकसित केलेली ओएचएमएस ही प्रणाली अशा वेळांवरून विषयसूची आणि मुलाखत यांची सांगड घालते. 'खानावळ', 'पाळी', 'भोंगा' अशा शब्दांवर बोट ठेवताच थेट त्या क्षणाला जाता आले पाहिजे, एवढी माझी अपेक्षा आहे.

३ सप्टेंबर २०२४

नऊ मुलाखती झाल्या. ७ तारखेला गणपती. आता घरोघरी साफसफाई, रंगरंगोटी, मखरांची ठाकठोक सुरू आहे आणि चाकरमान्यांची रीघ लागली आहे. पंधरा दिवस मुद्रण बंद. पण याच गर्दीचा आम्हाला मोठा उपयोग आहे : मुंबईहून गेलेली माणसे परतताना उरलेली सगळी कार्डे घेऊन येतील. प्रत्येक घरी निरोप दिला आहे की कार्ड देण्यापूर्वी फाइलींची एक प्रत घरच्या पेन ड्राइव्हवर ठेवावी. जुना पेन ड्राइव्ह फॅट३२ या साठवणीच्या जुन्या पद्धतीचा असेल, तर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि तासाभराचे चित्रण त्या मर्यादेला येऊन भिडते. म्हणून पेटीबरोबर ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅट पद्धतीचे पेन ड्राइव्ह आधीच पाठवले होते.

१९ सप्टेंबर २०२४

कार्डे आली. एक पिठाच्या पिशवीत, एक मोदकांच्या डब्यातल्या चिठ्ठीत गुंडाळून, सगळी सुखरूप. प्रत्येक फाइल उतरवण्यापूर्वी आणि नंतर तिचा शा-२५६ ठसा (फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण) काढून ताडून पाहिला. ठशातले एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी प्रत जशीच्या तशी उतरलेली नाही असे समजायचे. तीन प्रती केल्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या शहरात.

सातव्या मुलाखतीचे चित्रण मात्र उघडेना. फोनची बॅटरी संपून तो मध्येच बंद पडला होता आणि पॉवर बँकेची तार निघालेली कोणाच्या लक्षात आली नव्हती. एमपी४ फाइलमध्ये कोणती चौकट कुठे आहे, याची अनुक्रमणी चित्रण थांबवताना लिहिली जाते. फोन अचानक बंद झाला, तर चौकटी सगळ्या असतात आणि अनुक्रमणी नसते. जणू पाने क्रमांकाविना मोकळी पडली आहेत. त्याच फोनवर, त्याच सेटिंगने केलेले दुसरे चित्रण नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाच्या मुक्त स्रोत साधनाने अनुक्रमणी नव्याने बांधली. दोन प्रयत्न फसले, तिसऱ्यांदा एक्केचाळीस मिनिटे चित्र परत आले. शेवटची टाळी चित्रात नाही, त्यामुळे घड्याळांतला फरक याच दोन यंत्रांच्या इतर मुलाखतींवरून काढून वापरला आणि तसे नोंदीत स्पष्ट लिहिले. आवाज वेगळ्या मुद्रकात असल्याने तो अखेरच्या शब्दापर्यंत शाबूत आहे. आजपासून ओपन कॅमेऱ्यात फाइलची मर्यादा घालून तिचे लहान लहान भाग पाडायचे, म्हणजे गेले तर शेवटचा भाग तेवढा जाईल.

७ ऑक्टोबर २०२४

पहिल्या नऊ घरांना त्यांच्या मुलाखतींच्या तयार प्रती पाठवल्या. तीस दिवसांची मुदत त्या हाती पडल्यापासून मोजायची, असा बदल संमतीपत्रात केला, कारण स्वतःचे बोलणे ऐकल्याशिवाय ते ठेवायचे की काढायचे हे माणूस कसे ठरवणार?

मालवणच्या काकांचा काल रात्री फोन आला. सर्व मुलाखत त्यांनी घरच्यांसोबत ऐकली होती. एक भाग काढायला सांगतील की काय, अशी मला धास्ती होती, कारण त्यात मुकादमाशी झालेल्या एका भांडणाची हकिगत आहे. त्यांचे म्हणणे वेगळे होते. पाटावर ताल धरला तेव्हा चौथ्या साच्याचा ठोका आपण चुकीचा दिला, तो साचा जुना होता आणि त्याचा आवाज अधिक बसका होता, म्हणून तो पुन्हा वाजवून द्यायचा आहे, पाटाऐवजी जात्याच्या लाकडी खुंट्यावर. पहिला ताल तसाच राहील आणि नवा त्याच्याशेजारी, दिनांकासह ठेवला जाईल, असे त्यांना सांगितले. त्यांना ते पटले.

पेटी उद्या सकाळच्या एस.टी.ने त्यांच्याकडे परत जात आहे. कार्डे रिकामी केली, नवे सेल घातले, माइकची पिन स्पिरिटने पुसली. सूचनापत्राच्या पाचव्या आवृत्तीत पहिली ओळ अजूनही नखाने खरवडण्याचीच आहे.